फ्लॅटहेड व्ही-आठ इंजिन मुळातच तापट असते का?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर नेमक्या कोणत्या गाडीविषयी आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपण ओहायोमध्ये राहता आणि गेल्या वर्षी १९५० सालची फोर्ड सेडान घेतली आहे. तिच्यात मूळचे २३९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ३.९ लिटरचे, फ्लॅटहेड व्ही-आठ इंजिन आहे, म्हणजे चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा व्ही आकारात असलेले. मोकळ्या रस्त्यावर ते व्यवस्थित चालते. मात्र गावात चार सिग्नल ओळीने लागले की काटा वर चढतो आणि रेडिएटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पाणी सांडू लागते. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात आपण ही तक्रार सांगितली तेव्हा तीन अनुभवी माणसांनी तीन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या. एकाच्या मते फ्लॅटहेड तापणारच, तो त्याचा स्वभाव आहे. दुसऱ्याने थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट अडवणारी झडप, काढून टाकायला सांगितले. तिसऱ्याने हे इंजिन उतरवून शेव्हरलेटचे स्मॉल-ब्लॉक नावाचे व्ही-आठ इंजिन बसवा, असा सल्ला दिला. शिवाय आधीच्या मालकाने पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे लावून ठेवले आहेत. ते ठेवावेत की काढावेत, हेही आपण विचारले आहे.

मिशिगनमध्ये मी गेली एकतीस वर्षे जुनी इंजिने खोलण्याचे आणि बांधण्याचे काम करतो आणि त्यांत फोर्डच्या फ्लॅटहेडची संख्या सर्वांत मोठी आहे. त्या आधारावर माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या इंजिनावर उष्णतेचा एक जन्मजात भार आहे, हे खरे आहे. पण केवळ त्या भारामुळे पाणी उकळते, हे खरे नाही. स्वच्छ, न तडकलेला आणि योग्य टायमिंगवर, म्हणजे ठिणगी नेमक्या क्षणी पडेल असा, लावलेला फ्लॅटहेड ऑगस्टच्या दुपारी सिग्नलवर उभा राहू शकतो. असे कितीतरी मी स्वतः उभे राहिलेले पाहिले आहेत. पाणी उकळते ते सत्तरहून अधिक वर्षांत साचलेल्या मळामुळे, चुकलेल्या टायमिंगमुळे किंवा एखाद्या तड्यामुळे, आणि या तिन्ही गोष्टी तर्काने ठरवण्याची गरज नाही. त्या तपासून दाखवता येतात.

आधी तो जन्मजात भार काय आहे ते पाहू. फ्लॅटहेड हे नाव पडले ते हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात म्हणून. हेड म्हणजे जवळजवळ एक सपाट झाकण. सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडात, सिलिंडरच्या बाजूला उभे. व्ही आकाराच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, मधोमध एकच असल्यामुळे हे व्हॉल्व्ह व्हीच्या आतल्या बाजूला, दोन्ही रांगांच्या मधल्या दरीकडे येतात. आत येणारी हवा आणि पेट्रोलचे मिश्रण वरून त्या दरीतून येते, त्यात काही अडचण नाही. अडचण आहे ती जळलेल्या वायूची. फोर्डच्या रचनेत एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड, म्हणजे हा वायू गोळा करून नेणाऱ्या नळ्या, ब्लॉकच्या बाहेरच्या अंगाला आहेत. म्हणजे आतल्या बाजूच्या व्हॉल्व्हमधून सुटलेला तापलेला वायू सिलिंडरांच्या मधून, पाण्याच्या कप्प्यांना चिकटून, संपूर्ण ब्लॉक ओलांडून बाहेर पडतो. त्यातही प्रत्येक रांगेत सिलिंडर चार आणि बाहेर पडण्याची दारे तीन. मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच दारातून जातो, आणि म्हणून ब्लॉकचा मधला भाग सर्वांत गरम असतो. इतर इंजिनांत जी उष्णता थेट सायलेन्सरकडे निघून जाते, तिच्यातला मोठा वाटा इथे आधी पाण्याला सोसावा लागतो.

आता ‘फ्लॅटहेड म्हणून तापते’ हे विधान का चुकीचे आहे, याचा माझा पहिला धडा अमेरिकेतला नाही, मुंबईतला आहे. माझे वडील लालबागला एका गॅरेजमध्ये फिटर होते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडायला सुरुवात केली होती, आणि त्या पुढे कित्येक वर्षे मुंबईच्या रस्त्यांवर चालत राहिल्या. त्यांतले सहा सिलिंडरचे इंजिनही फ्लॅटहेडच होते, व्हॉल्व्ह त्याचेही ब्लॉकमध्येच होते. परंतु ते सरळ रांगेचे इंजिन असल्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हशेजारच्याच भिंतीतून तडक बाहेर पडत असे. ब्लॉक ओलांडण्याचा प्रवासच नव्हता. ती गाडी मे महिन्यात भायखळ्याच्या गर्दीतही सहसा उकळत नसे. उकळलीच तर वडील रेडिएटर आणि पाण्याचा पंप उतरवून ब्लॉकमध्ये आडवी बसवलेली पत्र्याची एक लांब नळी ओढून काढत. त्या नळीचे काम थंड पाणी सरळ मागच्या सिलिंडरांच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणे हे होते, आणि ती गंजून कुजली की पुढचे सिलिंडर थंड व मागचे लाल, अशी अवस्था होई. नळी हातात तुकड्यातुकड्यांनी यायची. नवी नळी घातली की तेच इंजिन पुन्हा शांत. इंजिनाचा स्वभाव आणि इंजिनाचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या कुजलेल्या पत्र्यावरून शिकलो.

मग फोर्डने एक्झॉस्ट ब्लॉकमधून का नेला, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर १९३२ मध्ये आहे. व्ही-आठ हा प्रकार तेव्हा नवा नव्हता. कॅडिलॅक १९१४ पासून अशी इंजिने विकत होती. पण ती श्रीमंतांची होती. हेन्री फोर्डला सामान्य माणसाच्या गाडीत आठ सिलिंडर घालायचे होते, आणि त्यासाठी दोन्ही रांगा आणि क्रँककेस असा सारा ब्लॉक बिडाच्या एकाच ओतकामात निघायला हवा होता. त्याच्या काही निवडक अभियंत्यांनी, त्यांत कार्ल शुल्ट्झ आणि रे लेयर्ड हे प्रमुख, डिअरबॉर्नच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये उभारलेल्या एडिसनच्या जुन्या प्रयोगशाळेत गुपचूप त्याचे आराखडे काढले. ओतशाळेची जबाबदारी चार्ल्स सोरेनसेन याची होती. साच्यात वाळूचे इतके गाभे बसवावे लागत की एखादा जरी किंचित सरकला तरी भिंत एकीकडे पातळ आणि दुसरीकडे जाड होई, आणि सुरुवातीच्या काळात ओतलेल्या ब्लॉकपैकी मोठा भाग पुन्हा भट्टीत टाकावा लागला. तरीही मार्च १९३२ च्या अखेरीस २२१ घनइंचांचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन बाजारात आले, आणि त्याची सर्वांत स्वस्त रोडस्टर ४६० डॉलरला मिळू लागली. मॅनिफोल्ड बाहेरच्या बाजूला ठेवल्यामुळे ब्लॉक आटोपशीर राहिला, वरचा भाग कार्ब्युरेटरसाठी मोकळा मिळाला आणि जोडणी सोपी झाली. त्या सोपेपणाची किंमत थंड ठेवणाऱ्या पाण्याने मोजली. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. ४६० डॉलरमध्ये आठ सिलिंडर द्यायचे, तर कुठेतरी काहीतरी सोसावे लागणारच होते.

हा भार फोर्डलाही ठाऊक होता, हे इंजिनाच्या बदलांवरून दिसते. सुरुवातीला दोन्ही पाण्याचे पंप हेडच्या पुढच्या टोकाला होते आणि ते गरम पाणी वरून ओढून घेत; १९३७ मध्ये ते ब्लॉकच्या पुढे खाली आले आणि थंड पाणी आत ढकलू लागले. १९३७ नंतर हेडमधले पाणी मधोमध बाहेर पडत असे. आपल्या गाडीच्या पिढीत, म्हणजे १९४९ ते १९५३ च्या ब्लॉकवर, ते हेडच्या पुढच्या टोकातून बाहेर पडते. ही माहिती आपल्यासाठी केवळ इतिहास नाही. पुढून बाहेर पडणाऱ्या पाण्याने आधी ब्लॉकच्या मागच्या टोकापर्यंत जावे आणि तिथे वर चढून हेडमधून पुढे यावे, अशी छिद्रांची योजना असते. कोणी जुन्या पिढीचे हेड किंवा जुन्या पिढीचे गॅसकेट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद करणारा पातळ थर) या ब्लॉकवर बसवले असेल, तर पाणी पुढच्या पुढेच वर चढून निघून जाते आणि मागचे सिलिंडर कोरडे पडल्यासारखे तापतात. बाहेरून पाहून हे ओळखू येत नाही. आपल्या आधीच्या मालकाने हेड उघडले होते का, हे विचारून घ्या.

भार एक्झॉस्टच्या वाटेचाच आहे, याचा पुरावा झोरा आर्कस-डुंटोव या अभियंत्याने दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने आणि त्याच्या भावाने न्यूयॉर्कमध्ये फोर्डच्या याच ब्लॉकसाठी नवे हेड तयार केले. आडनावावरूनच त्यांना ‘आर्डन’ हे नाव दिले. मूळ विचार शर्यतीचा नव्हता, ओझ्याखाली तापणाऱ्या फोर्डच्या ट्रकांचा होता. आर्डन हेडमध्ये व्हॉल्व्ह वर आले, दहनकक्ष अर्धगोलाकार झाला आणि जळलेला वायू ब्लॉकमध्ये पाऊलही न ठेवता वरच्यावर बाहेर पडू लागला. खालचा ब्लॉक तोच, पाणी तेच, रेडिएटर तोच. तक्रार मात्र मुळापासून गेली. असे हेड फार थोडे तयार झाले, महाग होते, आणि ट्रकवाल्यांपेक्षा कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांवर आणि युटाच्या बॉनव्हिल मिठागरावर गाड्या पळवणाऱ्यांनीच ते विकत घेतले. आज आर्डनचा एक मूळ जोड कामासाठी माझ्या टेबलावर आला, तर त्या दिवशी मी दुसरे काम हातात घेत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शर्यतीच्या कथांवरून थंडाव्याचे निष्कर्ष काढू नयेत. एल मिराजच्या कोरड्या तलावावरची किंवा बॉनव्हिलची धाव काही मैलांची, आणि ती संपली की इंजिन बंद. ‘अमक्याने रेडिएटरशिवाय फ्लॅटहेड पळवला’ ही गोष्ट खरी असू शकते, पण तिचा आपल्या सिग्नलशी संबंध नाही. याउलट ज्या कथा कोणी फारशा सांगत नाही, त्या अधिक उपयोगाच्या आहेत. युद्धात पायदळाच्या पलटणींकडे असलेल्या युनिव्हर्सल कॅरियर या छोट्या चिलखती गाडीत हेच फोर्डचे फ्लॅटहेड होते. ब्रिटिशांकडे होते तसे भारतीय पलटणींकडेही होते. कॅनडातल्या फोर्डच्या लष्करी ट्रकांत २३९ घनइंचांचे होते, आणि त्याच चासीवर भारतात चिलखत चढवून ‘टाटानगर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाड्या तयार झाल्या. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ही यंत्रे पहिल्या गियरमध्ये तासन्‌तास चालली. तापली नसतील असे मी म्हणणार नाही; पण देखभाल होत असेल तर हे इंजिन उन्हात आणि ओझ्याखाली काम करते, हे त्यातून दिसते.

आता आपल्या गाडीकडे येतो. कोणताही भाग विकत घेण्याआधी एक गोष्ट करा: काट्यावरचा विश्वास बाजूला ठेवा. आपल्या फोर्डमधल्या जुन्या तापमानदर्शकाची रचना अशी आहे की वीजप्रवाह थांबला की काटा गरमच्या टोकाला जाऊन बसतो. म्हणजे एखादी तार सैल असेल, तरी गाडी उकळते आहे असेच दिसेल. हातात धरण्याचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, इंजिन नीट गरम होऊ द्या आणि दोन्ही हेडच्या पाण्याच्या तोंडाशी, मग रेडिएटरच्या वर आणि खाली, असे आकडे लिहून काढा. या इंजिनात प्रत्येक रांगेला स्वतंत्र पंप, स्वतंत्र थर्मोस्टॅट आणि स्वतंत्र होस आहेत. जणू दोन चार-सिलिंडरी इंजिने एका रेडिएटरवर जगत आहेत. त्यामुळे एक बाजू दुसरीपेक्षा पंधरा-वीस अंश फॅरनहाइटने जास्त गरम निघाली, तर शोध निम्म्याने संपला: दोष त्या बाजूच्या पंपात, थर्मोस्टॅटमध्ये, गॅसकेटमध्ये किंवा ब्लॉकच्या त्या अर्ध्या भागात आहे. दोन्ही बाजू सारख्याच तापत असतील, तर रेडिएटर, पंखा आणि टायमिंग यांकडे बघायचे.

आपली गाडी मोकळ्या रस्त्यावर थंड राहते आणि थांबल्यावर तापते, याचा अर्थ वेगात मिळणारी हवा तिला पुरते आणि पंख्याची हवा पुरत नाही. पट्टा सैल आहे का, पंखा रेडिएटरपासून फार दूर आहे का, रेडिएटरच्या नळ्यांमधल्या जाळीत किडे आणि धूळ बसली आहे का, हे पाहणे फुकट आहे. पण केवळ हवेवर थांबू नका, कारण १९४९ नंतरच्या या फोर्डमध्ये टायमिंगची एक विशेष अडचण आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपला डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी पोहोचवणारा भाग, ‘लोड-ओ-मॅटिक’ प्रकारचा आहे. इतर डिस्ट्रिब्यूटरमध्ये वेग वाढला की आतली वजने फाकतात आणि ठिणगी लवकर पडू लागते. यात अशी वजने नाहीतच. ठिणगी किती आधी पाडायची हे सर्वस्वी कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या निर्वातावर ठरते, आणि त्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये मूळच्या हॉलीसारखे खास मार्ग असावे लागतात. कोणी हौसेने तिथे दोन स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्ब्युरेटर बसवले असतील, किंवा निर्वाताची बारीक नळी तडकली असेल, किंवा डिस्ट्रिब्यूटरमधला पडदा फाटला असेल, तर ठिणगी उशिराच पडत राहते. उशिरा पेटलेले मिश्रण व्हॉल्व्ह उघडतानाही जळत असते, आणि तो जळता वायू कुठून जातो हे आपण वर पाहिले: ब्लॉकमधून. दुसऱ्या एखाद्या इंजिनात उशिराच्या टायमिंगने सायलेन्सर तापेल. फ्लॅटहेडमध्ये पाणी तापते. माझ्याकडे ‘ब्लॉक खराब आहे’ म्हणून आलेल्या गाड्यांपैकी काही केवळ दोन इंच रबरी नळी बदलून परत गेल्या आहेत.

थर्मोस्टॅट काढू नका. ‘पाणी फार वेगाने वाहिले तर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही’ हे त्यामागे दिले जाणारे स्पष्टीकरण मी पटवून घेऊ शकलेलो नाही; जास्त प्रवाहाने रेडिएटर अधिकच उष्णता घेतो. खरे कारण निराळे आहे. रेडिएटरच्या अर्ध्या नळ्या खाराने बुजलेल्या असतील आणि दोन्ही पंप अडथळ्याविना पाणी ढकलत असतील, तर वरच्या टाकीत पाणी जितके येते तितके खाली उतरत नाही. टाकी भरते आणि ओव्हरफ्लोतून पाणी बाहेर पडते. पाणी सांडले म्हणजे ते उकळलेच होते असे नाही. म्हणून सांडताना वरच्या टाकीचे तापमान मोजा. ते उकळण्याच्या बरेच खाली असेल, तर रेडिएटर उघडून सळईने साफ करणाऱ्या कारागिराकडे न्यावा लागेल. दाबाच्या टोपणाविषयीही एक सूचना: दर पौंड दाबाने पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे तीन अंश फॅरनहाइटने वर जातो, म्हणून काही जण आजच्या गाडीचे पंधरा पौंडांचे टोपण लावतात. आपला रेडिएटर त्या दाबासाठी केलेला नाही. त्याचे सांधे उघडतील. चार पौंडांच्या आसपासचे मूळ प्रकारचे टोपणच ठेवा.

यानंतर येतो तो मळ, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण माझ्या मते बहुतेक फ्लॅटहेडांची बदनामी याच एका गोष्टीतून झाली आहे. वर मी वाळूच्या गाभ्यांचा उल्लेख केला. ब्लॉक ओतल्यावर ही वाळू झटकून बाहेर काढायची असते. पण पाण्याचे कप्पे इतके वाकडेतिकडे आहेत की एक्झॉस्टच्या वाटेच्या खालच्या खोबणीत, मागच्या सिलिंडरांच्या तळाशी, काही वाळू कारखान्यातूनच आत राहून गेली. गाभ्याला आधार देणाऱ्या तारासुद्धा राहिल्या. त्यावर गंज बसला, गंजावर नळाच्या पाण्याचा खार बसला, आणि वाळूचा दगड झाला. कधीही न उघडलेल्या एका १९४९ च्या ब्लॉकमधून मी दीड किलोपेक्षा जास्त वाळू, गंज आणि तारांचे तुकडे काढले आहेत. वजन करून पाहिले. त्या जागी पाणी पोहोचतच नव्हते, आणि ती जागा नेमकी एक्झॉस्टला चिकटलेली होती.

इंजिन गाडीतच असताना यातले किती निघेल? दोन्ही पंप उतरवा, थर्मोस्टॅट काढा, ब्लॉकच्या तळाचे पाणी सोडण्याचे बोल्ट उघडा आणि बागेच्या होसने हेडच्या तोंडातून उलट दिशेने पाणी सोडा. जाड लवचीक तारेने पंपाच्या भोकांतून आत खरवडा, पुन्हा पाणी सोडा, आणि बाहेर येणारे पाणी पांढऱ्या बादलीत धरून तळाशी काय बसते ते पाहा. बोल्ट काढूनही थेंब आला नाही, तर घाबरू नका. तिथे गाळच घट्ट बसलेला आहे, तार घालून मोकळा करा. ओतीव लोखंडाचे मूळ हेड असतील तर सायट्रिक ॲसिडचे सौम्य द्रावण एक-दोन दिवस भरून ठेवता येते आणि नंतर धुण्याच्या सोड्याने ते निष्प्रभ करावे लागते. ॲल्युमिनियमचे हेड असतील तर आम्ल वापरू नका. यातून निम्मा मळ निघाला तरी फरक जाणवतो. पूर्ण सफाई मात्र इंजिन खोलूनच होते: ब्लॉक भट्टीत भाजायचा, म्हणजे गाळ ठिसूळ होतो, आणि मग पोलादी छर्ऱ्यांच्या माऱ्याने तो झाडून काढायचा. नुसत्या रसायनाच्या टाकीत बुडवून हा दगड विरघळत नाही.

तड्याची तपासणी शेवटी सांगतो आहे, पण ब्लॉकवर पैसा खर्च करण्याआधी ती सर्वांत पहिली करायची. गाडीतच असताना रेडिएटरच्या तोंडावर धरायचे एक साधे उपकरण मिळते; त्यातल्या निळ्या द्रावणाचा रंग पिवळा झाला, तर जळलेला वायू पाण्यात मिसळतो आहे, म्हणजे गॅसकेट फुटले आहे किंवा तडा आहे. इंजिन खोलल्यावर चुंबकीय भुकटीची मॅग्नाफ्लक्स तपासणी आणि त्यानंतर पाण्याचे कप्पे बंद करून हवेच्या दाबाची तपासणी, या दोन्ही करून घ्या. एकीवर भागवू नका. हे मी स्वानुभवाने सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मी एक ब्लॉक घेतला. विकणाऱ्याने तपासलेला असल्याचे सांगितले आणि मी त्याच्या शब्दावर विसंबून सिलिंडर बोअर करून घेतले, व्हॉल्व्हच्या नव्या सीट बसवल्या, आणि मग दाब दिल्यावर एका एक्झॉस्ट सीटपासून सिलिंडरच्या भिंतीत उतरलेला तडा फुसफुसू लागला. सारे मशिनकाम वाया गेले आणि तो हिवाळाही. तेव्हापासून दाब दिल्याशिवाय मी कोणत्याही ब्लॉकला कटर लावत नाही.

तरीही तडा हा शब्द ऐकून ब्लॉक भंगारात टाकू नका. हेडच्या बोल्टचे भोक आणि शेजारचे पाण्याचे भोक यांच्यामध्ये दिसणारा आखूड तडा या इंजिनात जवळजवळ सर्वत्र आढळतो आणि बहुतेकदा निरुपद्रवी असतो. सीटपासून सिलिंडरकडे किंवा एक्झॉस्टच्या वाटेकडे गेलेला तडा गंभीर. तो एकमेकांत गुंतणाऱ्या खिळ्यांनी टाके घालावेत तसा शिवता येतो, पण हे काम हात बसलेल्या माणसाचेच आहे. ब्लॉक अगदीच गेलेला निघाला, तर दुसरा शोधा; फ्रान्सच्या लष्करी ट्रकांसाठी तिकडे ओतलेले याच घराण्याचे ब्लॉकही अमेरिकेत आले आहेत आणि त्यांचे ओतकाम चांगले आहे.

आता शेव्हरलेटच्या सल्ल्याविषयी. स्मॉल-ब्लॉकबद्दल माझ्या मनात आदरच आहे. एड कोल याच्या हाताखाली तयार होऊन १९५५ मध्ये २६५ घनइंचांत आलेले ते इंजिन शेव्हरलेटच्याच जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा वजनाने हलके होते आणि १६२ अश्वशक्तीपासून सुरू होत होते. आपल्या फोर्डचे मूळ इंजिन १०० अश्वशक्तीचे आहे. पत्रा ठोकून केलेले रॉकर आर्म, साधे ओतकाम, वर असलेले व्हॉल्व्ह, हेडमधूनच बाहेर पडणारा एक्झॉस्ट: फ्लॅटहेडच्या प्रत्येक दुखण्यावर त्यात उत्तर होते. आर्डन हेड करणारा डुंटोव १९५३ मध्ये जनरल मोटर्समध्ये आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने वरिष्ठांना टिपण लिहिले की गाड्या सजवणारी आणि पळवणारी तरुण पिढी फोर्डवर वाढली आहे आणि तिला शेव्हरलेटकडे वळवायचे असेल तर शक्ती वाढवणारे तयार भाग तिच्या हाती दिले पाहिजेत. फ्लॅटहेडची उष्णता ज्याने सर्वांत नीट समजून घेतली, त्याच माणसाने फ्लॅटहेडच्या भक्तांना दुसऱ्या इंजिनाकडे नेले. स्वतः फोर्डनेही १९५४ च्या अमेरिकन गाड्यांत वर व्हॉल्व्ह असलेले नवे व्ही-आठ घातले.

पण आपण विचारले आहे ते कोणते इंजिन श्रेष्ठ हे नाही, तर आपल्या गाडीचे काय करावे हे. स्मॉल-ब्लॉक बसवायचे म्हणजे आधार नवे, गियरबॉक्स नवा, सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्टची सगळी वायरिंग, आणि वाढलेली शक्ती पेलण्यासाठी मागचा ॲक्सल आणि ब्रेकसुद्धा. आणि जुना रेडिएटर बुजलेला असेल, तर नवे इंजिनही सिग्नलवर तापेल. गाडीचा सांगाडाच नुसता शिल्लक असता, तर मी स्मॉल-ब्लॉकला विरोध केला नसता. आपल्याकडे मूळ इंजिन असलेली, चालू स्थितीतली गाडी आहे. वर सांगितलेल्या तपासण्यांना फारतर दोन शनिवार लागतील. त्या संपेपर्यंत ते इंजिन जागेवरून हलवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

राहिले ते लाकडी चिमटे. ही अमेरिकेतली फार जुनी पद्धत आहे आणि तिच्यामागचा त्रास खरा आहे. या इंजिनात पेट्रोलचा पंप वर, मागच्या बाजूला उभा असतो आणि पेट्रोलची नळी तापलेल्या हेडजवळून जाते. नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंप ओढत राहतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे हा त्रास वाढला आहे. आपली गाडी तापल्यावर बंद पडून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होत असेल, तर ही वाफच समजा. चिमट्यांनी तिच्यात मोजता येईल असा फरक पडलेला मी पाहिलेला नाही. उपाय म्हणजे नळी हेडपासून शक्य तितकी दूर नेणे, तिच्यावर उष्णतारोधक आवरण घालणे, आणि तरीही भागले नाही तर टाकीजवळ कमी दाबाचा सहा व्होल्टचा विजेचा पंप बसवणे. पण नळी हलवताना चिमटे काढावे लागले, तरी ते टाकून देऊ नका. पुसून परत त्याच नळीवर लावा. आपल्या आधीच्या मालकाने हे इंजिन सोडून न देता त्याच्याशी झगडून ते चालू ठेवले, त्याची ती खूण आहे, आणि त्या चिमट्यांनी इंजिनाचे काहीही बिघडत नाही.